आधी शिवण वाचा, मग ब्रश उचला: १९५० च्या आसपासचं पॅरिसचं फॅशन इलस्ट्रेशन काढायला शिकताना

पॅरिसची जुनी फॅशन-चित्रं, म्हणजे साधारण १९४७ ते १९५८ मधली, बघितली की वाटतं काय, ब्रशचे चार फटकारे मारले की झालं. आणि मग आपण तसं काढायला बसतो आणि अर्ध्या तासात कागदावर एक लांबच लांब बाई उभी राहते जिच्या अंगावर कपडा असा नसतोच, नुसता रंग असतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं चित्र असंच असतं. यात हात वाईट नसतो, चुकतं ते बघणं. कारण ही चित्रं बाईची नाहीतच, ती कपड्याची आहेत, आणि काढणाऱ्यांना तो कपडा कुठे कापलाय, कुठे आवळलाय, कुठे आतून भरलाय हे नीट माहीत असायचं. मी आधी शिवण शिकले आणि चित्रं नंतर, त्यामुळे मला हे लवकर दिसलं, म्हणून इथे त्याच क्रमाने सांगते.

थोडी पार्श्वभूमी लागेलच. १२ फेब्रुवारी १९४७ ला फॅशन डिझायनर ख्रिश्चन डिओरने पॅरिसमध्ये ३०, अव्हेन्यू माँतेन इथे आपलं पहिलं कलेक्शन दाखवलं. त्यात एका लाइनचं, म्हणजे कपड्याच्या एकूण आकाराचं, नाव 'कोरोल' म्हणजे फुलाचा पाकळ्यांचा घेर आणि दुसरीचं 'आँ ह्युइत' म्हणजे इंग्रजी आठचा आकडा असतो तशी. 'हार्पर्स बझार' या अमेरिकन फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लुक' म्हटलं आणि तेच नाव पडलं. आता यात घेराला एवढं महत्त्व का आलं हे समजायचं तर आधीची वर्षं आठवायला लागतात. दुसरं महायुद्ध, जर्मन ताबा, कापडाचं रेशनिंग, चौकोनी खांद्याची जॅकेटं आणि गुडघ्यापर्यंतचे आखूड स्कर्ट. अशा शहरात अचानक पोटरीपर्यंत येणारा, मीटरच्या मीटर कापड खाणारा स्कर्ट आला. त्याच वर्षी माँमार्त्रच्या र्‍यू लेपिकवर फोटो काढायला हे कपडे घालून गेलेल्या बाईच्या अंगावर तिथल्या बायका धावून गेल्या आणि कपडे ओढून फाडले. घरात नीट ब्रेड मिळत नव्हता त्या बायकांना तो घेर बघून राग आला हे मला अगदी समजतं. तुम्ही तो घेर काढाल तेव्हा हे डोक्यात असू द्या, म्हणजे तो सहजच चिल्लर वाटणार नाही, त्याला वजन येईल.

पायरी १: एकच चित्र निवडा, आणि ते कुठल्या जातीचं ते ठरवा

ढोबळमानाने दोन जाती सापडतील. एक म्हणजे मासिकांसाठी आणि जाहिरातींसाठी मोठ्या कलाकारांनी काढलेली. 'व्होग'ची फ्रेंच आवृत्ती, 'फेमिना', 'लोफिसिएल' यांतली. इथलं सगळ्यात मोठं नाव रने ग्रुओ. जन्म १९०९ चा, इटलीतल्या रिमिनीचा, वडील इटालियन, आणि ग्रुओ हे आईचं फ्रेंच आडनाव त्याने घेतलं. डिओरच्या 'मिस डिओर' परफ्यूमच्या जाहिराती, १९४९ मधली 'रूज बेझे' लिपस्टिकची डोळ्यावर काळी पट्टी बांधलेली बाई, हे त्याचं काम. सही म्हणजे एक इंग्रजी जी अक्षर आणि त्याच्या डोक्यावर तारा, एकदा बघितली की लगेच ओळखता येते. त्याच्याबरोबर बर्नार ब्लोसाक, रने बुएत-विलोमेझ आणि थोडा आधीचा क्रिस्तियाँ बेरार (१९४९ मध्ये गेला) यांचंही काम शोधून बघा, कारण नुसता ग्रुओ बघत बसलं तर सगळ्यांचा हात ग्रुओसारखाच होतो.

दुसरी जात म्हणजे शिवणाऱ्या बायकांसाठीची पानं. 'मोद ए त्राव्हो' किंवा 'पती एको द ला मोद' सारख्या मासिकांत एका पानावर तीन-चार बायका उभ्या, प्रत्येकीला नंबर, आणि बाजूला बारीक आकारात तोच ड्रेस पाठीमागून कसा दिसतो ते. बाई आपल्याला आवडलेला नंबर बघून कागदी पॅटर्न मागवायची आणि घरी शिवायची किंवा गल्लीतल्या शिवणवालीकडे न्यायची. ही चित्रं कमी कौतुकाची पण शिकायला फार चांगली, कारण यात काही लपवलेलं नसतं, प्रत्येक टक्स (कापड अंगाबरोबर बसवायला आत शिवलेली चिमटी) आणि प्रत्येक बटण दाखवणं भागच होतं. माझं प्रामाणिक मत, पहिले दोन आठवडे याच पानांवर घालवा, ग्रुओ नंतर. पण ग्रुओचा मोह सगळ्यांनाच असतो म्हणून पुढचं उदाहरण डिओरचंच घेते.

पायरी २: चित्र शिंप्याच्या नजरेने वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. ब्रश लांब ठेवा. वही-पेन घ्या आणि हा कपडा मला उद्या शिवायचा आहे असं समजून चित्राला प्रश्न विचारा.

उदाहरण म्हणून १९४७ चा 'बार' सूट घेऊ, त्या पहिल्या कलेक्शनमधला सगळ्यात गाजलेला. वर क्रीम रंगाचं शांतुंग रेशमाचं जॅकेट, खाली काळा लोकरीचा प्लीट्सवाला स्कर्ट. आता वरून खाली या. खांदा कसा आहे? उतरता, गोल, युद्धातल्यासारखा चौकोनी नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, कुठे बसलाय, आणि बाही सरळ आहे की कोपराशी वळलीय? छातीपासून कंबरेपर्यंत कापड कसं आत गेलंय? ते आपोआप जात नाही, तिथे टक्स आहेत किंवा उभ्या कळ्या जोडल्यात, म्हणजे चित्रात एखादी बारीक उभी रेघ छातीखालून कंबरेकडे येत असेल तर ती सजावट नाही, ती शिवण आहे. कंबरेखाली जॅकेटचा भाग फुलासारखा बाहेर पडतो, त्याला फ्रेंचमध्ये बास्क म्हणतात. आता शांतुंग हे काही इतकं कडक कापड नाही की स्वतःहून असं उभं राहील. म्हणजे आतून कॅनव्हास किंवा बकरम आहे आणि कंबरेच्या खाली पॅडिंग आहे. हे एकदा कळलं की तिथली रेघ तुम्ही लुळी काढूच शकणार नाही, ती ताठ आणि फुगीर येते.

कंबर एवढी बारीक कशी, तर आत वेगळा पट्टा असायचा. मार्सेल रोशा या पॅरिसच्या डिझायनरने युद्ध संपल्यासंपल्या 'गेपिएर' नावाचा कंबर आवळणारा छोटा कॉर्सेट आणला होता आणि त्या काळच्या बऱ्याच बारीक कंबरा त्याच्या आहेत. थोडी बाईची, थोडी कॉर्सेटची आणि राहिलेली चित्रकाराची, असा तो हिशोब.

मग स्कर्ट. प्रश्न एकच, घेर कशाने आलाय? चुण्यांनी, प्लीट्सनी, कळ्यांनी की उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाने? आपल्याकडे ज्यांनी परकर, घागरा, अनारकली शिवलंय त्यांना हा फरक हातात माहीत असतो. चुण्या घातल्या की कंबरेशीच जाडी येते आणि रेघा वरून निघून मध्येच विरतात. प्लीट्स असतील तर रेघ कंबरेपासून खालपर्यंत सलग जाते आणि खालची कड वेड्यावाकड्या जिन्यासारखी दिसते. कळ्या असतील तर वर एकदम सपाट आणि खाली हळूहळू रुंद, आणि उरेब असेल तर मोठ्या गोल लाटा पडतात. बार सूटच्या स्कर्टला प्लीट्स आहेत, म्हणून तिथे गोल लाटा काढल्या तर दिसायला छान दिसतील पण तो वेगळाच स्कर्ट होईल.

हे सगळं एका पानावर लिहून काढा. सोबत कपड्याची मागची बाजू अंदाजाने काढा, अगदी काडीमाणसासारखी चालेल. मागची बाजू काढता आली नाही तर समजा की पुढची अजून वाचून झालेली नाही, परत बघा.

पायरी ३: साल ओळखायची सवय लावा

हे पटकन सांगते. चौकोनी खांदे, आखूड स्कर्ट, डोक्यावर भलीमोठी टोपी असेल तर १९४० ते ४५. गोल खांदा, बारीक कंबर, पोटरीपर्यंत स्कर्ट म्हणजे १९४७ नंतर. पुढे डिओर दर सीझनला नवीन आकार काढत गेला, १९५४ च्या हिवाळ्यात एच लाइन म्हणजे छाती-कंबर सरळ, १९५५ च्या वसंतात ए लाइन, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात वाय. बिनकॉलरचा, ढिला, पट्टी लावलेला ट्वीडचा सूट दिसला तर तो शनेलच्या वळणाचा, तिने १९५४ मध्ये दुकान परत उघडलं. कंबर पूर्ण गायब आणि पोत्यासारखा सरळ ड्रेस असेल तर १९५७ च्या आसपास, बालेन्सिआगा किंवा जिव्हाँशी या डिझायनरांचा. डिओर ऑक्टोबर १९५७ मध्ये गेला आणि १९५८ च्या सुरुवातीला एकवीस-बावीस वर्षांच्या ईव्ह सँ लोराँने त्याच्या फॅशन हाऊससाठी ट्रॅपीझ लाइन काढली, वर अरुंद खाली रुंद. थोडक्यात काय तर कंबर आधी बघा, मग खांदा, मग स्कर्टची लांबी. टोपी सगळ्यात शेवटी, कारण टोप्या फसवतात.

पायरी ४: सामान

महागडं काही लागत नाही. कॅमलची काळी इंडियन इंक, पोस्टर कलरमध्ये लाल, पिवळा, काळा आणि पांढरा, ८ किंवा १० नंबरचा गोल ब्रश ज्याचं टोक नीट जुळतं असा, चेहऱ्यासाठी ३ नंबर, आणि ए३ आकाराचा जरा जाड कार्ट्रिज कागद. फ्रेंच कलाकार गुआश म्हणजे अपारदर्शक जलरंग वापरायचे, आपला पोस्टर कलर त्याच्या बराच जवळ जातो. शिवाय भरपूर रद्दी. वर्तमानपत्र सगळ्यात उत्तम, कारण त्यावर ब्रश फिरवताना कागद वाया जाईल अशी भीती वाटत नाही आणि ही भीती गेल्याशिवाय रेघ मोकळी होत नाही. पेन्सिल टू-बी, पण खोडरबर टेबलावर ठेवूच नका असं मी सांगते, लांब कपाटात ठेवा.

पायरी ५: अंगकाठी

खरा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो. फॅशनच्या चित्रात नऊच्या आसपास धरतात. ए३ कागदावर २७ सेंटीमीटर उंचीची उभी रेघ मारा आणि ३-३ सेंटीमीटरवर खुणा करा, म्हणजे एक डोकं ३ सेंटीमीटरचं. हनुवटी ३ वर, खांदे सव्वाचारच्या आसपास, छाती ६ वर, कंबर ९ वर, जॅकेटचा बास्क १२ पर्यंत, स्कर्टची कड २२ वर, आणि राहिलेले पाय. कंबर रुंदीला डोक्याच्या रुंदीपेक्षा किंचितच जास्त, सव्वादोन-अडीच सेंटीमीटर पुरे. स्कर्टची खालची कड १२-१३ सेंटीमीटर रुंद जाऊ दे, घाबरू नका.

जास्तीची उंची कुठे द्यायची हे बघा. नवीन लोक सगळी उंची मांडीत घालतात. पण इथे मांड्या स्कर्टच्या आत आहेत, त्या दिसतच नाहीत. या चित्रांत उंची मानेत असते आणि स्कर्टच्या कडेखालून दिसणाऱ्या पायांत असते. डोकं छोटं, मान लांब, घोटा बारीक, एवढं केलं तरी अर्धं काम होतं.

उभं राहणं म्हणजे पोझ ही तर त्या काळाची वेगळीच. ओटीपोट पुढे, खांदे थोडे मागे, हनुवटी वर, एक पाय पुढे. आरशासमोर स्वतः उभं राहून बघा, खरंच बघा, शरीरात ती पोझ एकदा आली की हातात येते. मग गळ्याच्या खळगीपासून खाली ओळंबा सोडल्यासारखी सरळ रेघ मारा. वजन ज्या पायावर आहे तो पाय त्या रेघेजवळ यायला हवा. नाही आला तर बाई पडतेय असं दिसतं, कपडा कितीही सुंदर असू दे. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त दुरुस्ती याचीच होते.

पायरी ६: रेघेची रंगीत तालीम

पेन्सिलचं चित्र झालं की लगेच त्यावर शाई फिरवायची नाही. तसं केलं की रेघ गिरवल्यासारखी दिसते, थरथरलेली, लहान मुलाच्या अक्षरासारखी. त्याऐवजी वर्तमानपत्रावर तीच रेघ वीस-पंचवीस वेळा मारा. खांद्यापासून कंबरेपर्यंत एक रेघ, कंबरेपासून बास्कच्या टोकापर्यंत दुसरी, तिथून स्कर्टच्या कडेपर्यंत तिसरी. मनगट टेकवू नका, हात खांद्यातून फिरवा, आणि उभं राहून काढलं तर अजून चांगलं. जिथे कापड अंगाला ताणलंय तिथे रेघ बारीक, जिथे कापड सुटतं, वजनाने खाली येतं तिथे ब्रश दाबायचा म्हणजे रेघ जाड. ग्रुओची रेघ इतकी जिवंत वाटते त्याचं मला सापडलेलं कारण हे आहे, की जाडी-बारकी तो दिसायला छान म्हणून करत नाही, कापडाचा ताण जसा बदलतो तशी रेघ बदलते. त्याच्यावर तुलूझ-लोत्रेक या फ्रेंच चित्रकाराच्या पोस्टरचा आणि जपानी चित्रांचा प्रभाव होता आणि तो सपाट रंगात दिसतोच, पण रेघ मात्र शिवणीवरून चालते.

तालीम झाली की ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलचे फक्त महत्त्वाचे बिंदू घ्या, खांदा, कंबर, बास्क, कड, पाय. नवीन कोऱ्या कागदावर ते बिंदू अगदी हलके उमटवा आणि मधलं अंतर ब्रशने एका दमात पार करा. पहिले पाच-सहा कागद बिघडतील. बिघडू दे, सहाव्या-सातव्याला रेघ बसते.

पायरी ७: कापड कापडासारखं दिसायला हवं

इथे मला जास्त वेळ घ्यायचाय कारण खरी मजा इथे आहे.

काळा लोकरीचा स्कर्ट सगळा काळा भरून टाकू नका. प्लीट्सच्या कडेने केसाएवढी पांढरी फट सोडत जा, तेवढ्यानेच प्लीट्स दिसतात. फट रंगवायची नसते, सोडायची असते, नंतर पांढऱ्या रंगाने मारली तर मेलेली दिसते. लोकर मऊ म्हणून बाहेरची कड थोडी कोरड्या ब्रशने ओढा. ट्वीड असेल तर जवळजवळ सुकलेला ब्रश कागदावर नुसता घासायचा, कागदाचा खडबडीतपणाच ट्वीड होतो.

सॅटिन आणि मखमल यांत सगळे गोंधळतात. सॅटिनवर उजेड फुगीर भागावर एकदम पडतो आणि लगेच शेजारी काळोख असतो, कडा तीक्ष्ण. मखमलीत उलटं असतं, मध्ये गडद आणि कडेला उजळ, कारण लव बाजूने उजेड पकडते. घरात मखमलीचा तुकडा असेल तर खिडकीजवळ धरून बघा. टाफेटा हे कुरकुरीत कापड, त्याच्या घड्या कोन करून मोडतात, नव्या कोऱ्या पैठणीच्या निऱ्या कशा टोकदार उभ्या राहतात तशा, तिथे रेघ गोल नको, तोडत तोडत जा. ऑर्गंझा, ट्यूल असली पारदर्शक कापडं म्हणजे पातळ शाईचा वॉश म्हणजे हलका थर, सुकू द्यायचा, त्यावर दुसरा, परत सुकू द्यायचा. एकावर एक थर जिथे येतील तिथे आपोआप गडद होतं आणि कापडाचे पदर मोजता येतात. तीन वाट्या घ्या, एकीत निम्मं पाणी निम्मी शाई, दुसरीत त्याहून पातळ, तिसरीत जवळजवळ पाणीच.

पोस्टर कलर सपाट लावायचा असेल तर दाट ताकाएवढा पातळ करा. श्रीखंडासारखा घट्ट लावला तर सुकल्यावर तडे जातात, पाण्यासारखा केला तर डाग पडतात.

पायरी ८: चेहरा, हात, टोपी

चेहऱ्यावर वेळ घालवू नका. भुवई, पापणीची वरची एक रेघ, नाकाची सावली फार तर एक टिंब, आणि ओठ. ओठ लाल, तेवढे नीट काढा. दोन्ही डोळे दाखवलेच पाहिजेत असं नाही, टोपीची कड एक डोळा झाकते आणि चित्र उलट जास्त बोलकं होतं. हातात मोजे असायचे, म्हणजे बोटं वेगवेगळी काढायची गरज नाही, मोज्याचा एक आकार आणि त्यात दोन चिरा. पण हात कुठे ठेवलाय ते कपड्याशी जुळायला हवं. बास्क दाखवायचाय तर हात त्याच्यावर आडवा नको, कंबरेवर किंवा लांब बाजूला. त्या काळी पॅरिसच्या शोमध्ये बसून स्केच करायला बंदी असायची, डिझाइन चोरीला जायची भीती होती, त्यामुळे चित्रकारांना वेगळ्या वेळेला मॉडेल समोर उभी करून काढावं लागायचं आणि हात कुठे, पाय कुठे हे ठरवायची संधी मिळायची. तुम्हालाही ती आहे, वापरा.

पायरी ९: कुठे थांबायचं

एका चित्रात काळा, कागदाचा पांढरा आणि एकच रंग, एवढ्यावर थांबा. बार सूटमध्ये जॅकेट क्रीम आहे म्हणजे तिथे कागद कोराच ठेवता येतो, फक्त बाहेरची रेघ आणि सावलीच्या बाजूला एक पातळ वॉश. खरं तर सावलीच्या विरुद्ध बाजूची रेघसुद्धा पूर्ण काढू नका, खांद्यावर सुरू करून मध्येच सोडून द्या आणि कंबरेशी परत पकडा. मधली जागा बघणाऱ्याचा डोळा भरतो. पण ती जागा तुम्हाला सोडता येते ती पायरी २ मध्ये तिथली शिवण समजली असेल तरच, नाहीतर बघणाऱ्याला तिथे खड्डा दिसतो. बॅकग्राउंड नको. पायाखाली सावलीचा एक आडवा फटकारा पुरे.

विकण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. सरावासाठी नक्कल करा, वहीत ठेवा, काही हरकत नाही. पण ग्रुओ २००४ मध्ये गेला, आणि फ्रान्समध्ये कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे त्याच्या चित्राची कॉपी करून टोट बॅग किंवा पोस्टर विकणं चालणार नाही. कपडा तोच घेऊन पोझ, रेघ, मांडणी स्वतःची करा. चांगल्या मूळ प्रतिमा बघायला फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाची गॅलिका ही साइट आहे, कपडे बघायला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या वेबसाइटवर बार सूटचे फोटो आहेत, आणि तिथे कपडा झूम करून शिवणी बघता येतात, ते तर कराच.

बार सूटची दहा चित्रं झाली की त्याच कागदाच्या मापात बालेन्सिआगाचा १९५१ च्या सुमाराचा सूट घ्या, ज्याचं जॅकेट पुढून अंगाला बसतं आणि पाठीमागे सैल सुटतं. तो समोरून काढला तर काहीच कळत नाही, पाऊण पाठमोरी बाई उभी करावी लागते आणि मानेमागे कॉलर किती लांब उभी राहिलीय तिथपासून सुरुवात करावी लागते. पेन्सिल उचलायच्या आधी परत वही-पेन काढा आणि पाठीचं कापड कुठून सुटलंय, खांद्याच्या शिवणीतून की मानेतून, ते लिहा.